गच्चीच्या दाराचा उंबरठा: पाणी आत शिरू नये म्हणून करायचे काम, पायरीपायरीने

गच्चीला किंवा रुंद सज्जाला लागून असलेल्या खोलीत, पावसाळा सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले की एक ओळखीचे चित्र दिसू लागते. दाराच्या आतल्या अंगाची फरशी काळपट होते, चौकटीच्या पायाशी भिंतीचा रंग फुगून त्याचे पोपडे सुटतात आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी आपल्या छतावरची ओल दाखवायला बोलावतात. ती ओल बहुधा या दाराच्या बरोबर खाली असते. मग दुकानातून सिलिकॉनची नळी आणून उंबरठ्याच्या कडेने एक पांढरी रेघ ओढली जाते. आठ दिवस बरे जातात आणि पुढच्या मोठ्या सरीला पाणी पुन्हा आत येते, कारण ते ज्या फटीतून येते असे वाटत होते त्या फटीतून ते मुळात येतच नव्हते.

हा लेख ज्यांनी असे काम पूर्वी कधी केलेले किंवा करवून घेतलेले नाही, त्यांच्यासाठी आहे. सिमेंटच्या स्लॅबची गच्ची, विटांची किंवा ब्लॉकची भिंत, कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा उंबरठा आणि त्यावर लाकडी चौकट किंवा अ‍ॅल्युमिनियमचे सरकते दार, असे महाराष्ट्रात सर्रास आढळणारे बांधकाम येथे गृहीत धरले आहे. गवंडीकाम स्वतः करायचे नसले तरी कोणत्या टप्प्यावर जवळ उभे राहून काय पाहायचे, हे घरमालकाला कळले तर निम्म्या चुका टळतात.

पाणी नेमके कोणत्या वाटेने येते

गच्ची ही एखाद्या परातीसारखी असते. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतात, आणि भिंत व स्लॅब जिथे भेटतात तिथे कोब्याचा गोलसर वाटा करून तो भिंतीवर सुमारे ३० सेंमी चढवतात. हा वाटा म्हणजे परातीचा काठ. पाऊस कितीही पडला तरी पाणी काठाच्या आत राहते आणि जाळीतून खाली जाते. परंतु दाराच्या ठिकाणी भिंतच नसल्यामुळे वाटा चढवायला जागा नसते, म्हणून गवंडी तो चौकटीपाशी आणून सोडून देतो. परातीच्या काठाला तिथे खाच पडते. त्या खाचेवर नंतर सिमेंटच्या मालात दगड बसवला जातो, आणि वरून पाहणाऱ्याला सगळे बंद झाल्यासारखे दिसते.

फरशीच्या सांध्यांतून झिरपलेले पाणी कोब्यात साठते. कोबा हा भिजलेल्या स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो, आणि ते पाणी दगडाखालच्या मालातून केशाकर्षणाने आडवे सरकत आतल्या फरशीखाली पोहोचते. दगडाच्या वरच्या पृष्ठभागावरून एक थेंबही आत आलेला नसतो. म्हणूनच वरची रेघ कितीही नीट ओढली तरी उपयोग होत नाही. उलट आत शिरलेले पाणी बाहेर पडण्याची वाट त्या रेघेने बंद होते आणि चौकटीचे पाय अधिक काळ भिजत राहतात.

दुसरी वाट चौकटीच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांची आहे. लाकडी चौकटीचे पाय जमिनीत गाडलेले असतात आणि लाकूड आपल्या उभ्या रेषांच्या टोकाकडून पाणी फार लवकर शोषते. सागवानही तिथे कुजते, आणि ओलसर लाकडाला वाळवी शोधत येते. तिसरी वाट दाराच्या वरची आहे: भिंतीला तडा असेल किंवा छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसेल, तर पाणी छज्जाच्या पोटावरून मागे सरकत चौकटीच्या डोक्यावर येते आणि चौकटीमागून उतरत उंबरठ्यापाशी प्रकट होते. चौथी वाट साध्या तुंबण्याची आहे. जाळीत पिंपळाची पाने अडकली, गच्चीत चार बोटे पाणी साठले आणि ते उंबरठ्यावरून आत आले, तर त्याला गळती म्हणता येत नाही. तो पूर आहे आणि त्याचा उपाय झाडूने होतो.

आधी तपास, मग फोडकाम

कोणती वाट दोषी आहे हे ठरवल्याशिवाय एकही फरशी फोडू नये. कोरड्या हवेत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, आतल्या बाजूला उंबरठ्याच्या कडेने आणि चौकटीच्या दोन्ही पायांशी रांगोळीचा पातळ पट्टा भुरभुरावा. रांगोळी ओली झाली की तिचा रंग लगेच गडद होतो, त्यामुळे ओल पहिल्यांदा कुठे उमटली ते डोळ्यांना स्पष्ट दिसते. मग बाहेरून पाइपने पाणी सोडावे, पण खालून वर या क्रमाने. सुरुवातीला केवळ दारासमोरच्या फरशीवर वीस मिनिटे, त्यानंतर उंबरठ्याच्या दगडावर, त्यानंतर चौकटीच्या कोपऱ्यांवर, आणि शेवटी दाराच्या वरच्या भिंतीवर. दोन टप्प्यांमध्ये अर्धा-पाऊण तास थांबावे, कारण मालातून पाणी सरकायला वेळ लागतो. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळून खाली येते आणि तपासाचा अर्थच राहत नाही.

फरशीवर पाणी सोडल्यावरच रांगोळी भिजली तर दोष उंबरठ्याखालचा आहे, आणि पुढे वर्णन केलेले संपूर्ण काम करावे लागेल. केवळ वरच्या भिंतीवर पाणी मारल्यावर ओल आली तर उंबरठा फोडण्याचे कारण नाही. छज्जा आणि भिंतीचे तडे पाहावेत. एका परिचिताने दोन वर्षांत दोनदा उंबरठा बदलला आणि दोष अखेर दाराच्या वर बसवलेल्या दिव्याच्या वायरीच्या भोकात निघाला, तेव्हापासून या तपासासाठी एक सकाळ मोडण्याचा मी आग्रह धरतो.

याच वेळी परवानगीचाही विचार करावा. सोसायटीतील सामाईक गच्चीची गळती दुरुस्त करणे ही सर्वसाधारणपणे सोसायटीची जबाबदारी असते, त्यामुळे तिथे स्वतःहून फोडकाम न करता सचिवांना लेखी कळवावे. आपल्या सदनिकेला जोडलेली स्वतंत्र गच्ची असली तरी खालच्या मजल्यावरच्यांना कामाचे दिवस आधी सांगावेत. चाचणीच्या वेळी त्यांच्या छताकडे पाहावेच लागणार आहे.

कामाला उत्तम काळ मार्च ते मेचा मध्य हा होय. नैर्ऋत्य मोसमी पाऊस मुंबईत साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोहोचतो आणि कोकणाच्या दक्षिण टोकाला त्याच्या काही दिवस आधी; तोपर्यंत सगळे थर सुकून, चाचणी होऊन, दगड बसलेला असावा. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिमी पाऊस पडतो, मुंबईत २,००० मिमीच्या वर आणि रत्नागिरीत ३,००० मिमीच्या वर. त्यामुळे पुण्यात दहा वर्षे निभावलेली हलकी युक्ती कोकणात पहिल्याच आषाढात उघडी पडते. त्यातही पश्चिमेकडे किंवा नैर्ऋत्येकडे उघडणाऱ्या दारावर वाऱ्याने आडवी झड येते. जुनी कोकणी घरे त्या बाजूला पडवी ठेवत आणि पावसाळ्यात झापांचा आडोसा बांधत, ते उगाच नव्हे.

पातळी मोजणे

लेव्हल ट्यूब, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, घेऊन आतल्या फरशीची आणि बाहेरच्या तयार फरशीची पातळी मोजावी. बाहेरची फरशी आतल्यापेक्षा खाली असली पाहिजे. उंबरठ्याखालच्या जलरोधक थराचा मागचा काठ बाहेरच्या फरशीपेक्षा १५० मिमी वर असणे सर्वांत चांगले. वर चांगला छज्जा असेल आणि पाणी वाहून जायला दोन तोंडे असतील तर ७५ मिमीवर भागते. त्याहून कमी फरक असेल तर कोणतेही रसायन लावले तरी ते उधारीवरचे काम आहे, असे समजावे.

प्रत्यक्षात अनेक घरांत उलटेच आढळते. मूळ गच्ची आतल्यापेक्षा खाली होती, पण गळती सुरू झाल्यावर जुन्या कोब्यावरच नवा कोबा घातला गेला, पुढे त्यावर चायना मोझेक, म्हणजे चिनीमातीच्या फरशीच्या तुकड्यांचा थर, आला, आणि बाहेरची पातळी चढत चढत उंबरठ्याच्या माथ्याला येऊन भिडली. यात आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही: १० सेंमी जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास जाते, आणि स्लॅब आखताना असले दोन-तीन थर कोणी मोजलेले नसतात. अशा गच्चीवर जुना कोबा काढणे हाच मार्ग आहे, आणि स्लॅब जुना असेल तर त्याआधी स्थापत्य अभियंत्याला दाखवणे आवश्यक आहे.

घरात वृद्ध माणसे किंवा चाकाची खुर्ची असेल आणि उंच उंबरठा चालणार नसेल, तर दारासमोर दाराच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंनी थोडी अधिक लांब अशी, वर जाळी असलेली १० ते १५ सेंमी रुंद पन्हळ करून ती थेट पाण्याच्या पाइपला जोडतात. हे चांगले चालते, परंतु ती पन्हळ आठवड्याला साफ करणारा माणूस घरात आहे का, हे प्रामाणिकपणे ठरवूनच तो मार्ग घ्यावा.

फोडकाम आणि सफाई

उंबरठ्याचा दगड काढावा, त्याच्या बाहेर किमान ६० सेंमीपर्यंतची फरशी व कोबा काढून मूळ स्लॅब उघडा करावा, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना ३० सेंमी रुंद व ३० सेंमी उंच इतका गिलावा भिंतीवरून उतरवावा. आत खोलीतील फरशीची एक ओळ उचलावी लागते. ती वाचवण्याचा मोह होतो, पण ती तशीच ठेवली तर थराचा मागचा काठ कोठे आणि कसा उचलला हे पाहताच येत नाही. मोठे ब्रेकर मशीन येथे लावू नये. छिन्नी-हातोड्याने वेळ लागतो, मात्र स्लॅबला नवे तडे जात नाहीत.

आता लाकडी चौकटीचे पाय तपासावेत. स्क्रू ड्रायव्हर टोचून लाकूड मऊ लागले तर जिथवर मऊ आहे तिथवर पाय कापून टाकावा. घट्ट लागले तरीही तो स्लॅबपासून सुमारे ५ सेंमी वर कापावा, कारण जलरोधक थर त्याच्या खालून सलग गेला पाहिजे. भिंतीतले होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, पक्के असतील तर पाय कापल्याने चौकट हलत नाही, तरी आधी हाताने हलवून पाहावी आणि काम संपेपर्यंत दार काढून ठेवावे. कापलेल्या टोकाला वाळवीचे औषध आणि त्यावर ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत. पुढे त्याखाली ग्रॅनाइटचा तुकडा बसवता येतो, म्हणजे लाकूड पुन्हा ओलीत उभे राहत नाही.

उघडा झालेला स्लॅब तारेच्या ब्रशने घासून, धूळ फुंकून, पाण्याने धुऊन घ्यावा. तडे असतील तर ते व्ही आकारात रुंद करून पॉलिमर मिसळलेल्या १:३ (सिमेंट:वाळू) मालाने भरावेत. सळी उघडी पडून गंजलेली दिसली तर गंज घासून काढून गंजरोधक लेप दिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

उंबरठ्याखाली एक सूप

आता कामाचा गाभा. धान्य पाखडायचे सूप डोळ्यांसमोर आणावे: मागची बाजू उचललेली, दोन्ही कडा उचललेल्या, पुढची बाजू मोकळी. उंबरठ्याखाली नेमका हाच आकार तयार करायचा आहे. वरच्या दगडातून, सांध्यांतून किंवा चौकटीतून कितीही पाणी झिरपले तरी ते सुपात पडावे आणि पुढच्या मोकळ्या बाजूने गच्चीकडे निघून जावे. दगड, सीलंट, रंग हे पाणी कमी करतात. आत येणे थांबवते ते सूप.

सुपाची मागची बाजू म्हणजे उंबरठ्याच्या आतल्या कडेला, भिंतीच्या पूर्ण जाडीत न घालता केवळ ५ ते ७ सेंमी रुंदीचा काँक्रीटचा छोटा बांध. त्याचा माथा बाहेरच्या नियोजित फरशीपेक्षा, पातळी मोजताना सांगितल्याप्रमाणे, १५० किंवा किमान ७५ मिमी वर ठेवावा. बांधासाठी विटा वापरू नयेत, कारण वीट स्वतःच पाणी पिते. बारीक खडीचे १:१.५:३ (सिमेंट:वाळू:खडी) प्रमाणाचे काँक्रीट घ्यावे, आणि ओतण्यापूर्वी स्लॅब टोचून खडबडीत करून त्यावर पॉलिमर मिसळलेली सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ राबडी, लावावी; स्लरी ओली असतानाच काँक्रीट पडले पाहिजे, वाळली तर ती जोडण्याऐवजी दोघांना वेगळे करते. बांधाच्या पुढची जागा मालाने समतल करताना तिला बाहेरच्या बाजूस थोडा उतार द्यावा. २० सेंमी रुंदीत ४ ते ५ मिमी पुरे.

त्यानंतर स्लॅब आणि भिंत, स्लॅब आणि बांध, तसेच बांध आणि चौकटीमागची भिंत अशा सर्व सांध्यांत पॉलिमरच्या मालाचा छोटा वाटा करावा. मुख्य भिंतीशी तो ५ सेंमीचा आणि बांधाच्या आत जागेप्रमाणे २ सेंमीचा असला तरी चालेल. काटकोनात वळवलेला लेप त्या रेषेवरच प्रथम चिरतो, म्हणून वाट्याची गोलाई महत्त्वाची आहे. दोन्ही बाजूंचे खालचे कोपरे, जिथे स्लॅब, बांध आणि भिंत असे तिघे भेटतात, ते गवंड्याच्या थापीला सहसा पोहोचत नाहीत. तिथे हातमोजा घालून बोटाने वाटा फिरवायला सांगावे. या कामात सर्वाधिक गळती याच दोन कोपऱ्यांत राहून जाते. या सगळ्यावर किमान ७ दिवस ओले बारदान टाकून पाणी मारावे, कारण एप्रिलच्या उन्हात नवा माल दुपारपर्यंतच वाळून भेगाळतो.

जलरोधक लेप

या जागेसाठी नवख्या माणसाला झेपणारा आणि भरवशाचा लेप म्हणजे पावडर आणि द्रव अशा दोन भागांत मिळणारा, अ‍ॅक्रिलिक पॉलिमर व सिमेंटचा लवचीक लेप. त्यावर नंतर मालात दगड बसवता येतो, ही त्याची सोय. केवळ द्रव रूपात मिळणाऱ्या आणि गच्चीला वरून मारायच्या रंगासारख्या लेपावर माल नीट धरत नाही. म्हणून तो येथे नको. मिश्रणाचे प्रमाण डब्यावर असते तसेच पाळावे. लेप जाड वाटला म्हणून त्यात पाणी ओतण्याची सवय गवंड्यांना असते, आणि त्या एका मगभर पाण्यात लेपाचा गुण वाहून जातो.

१ मीटर रुंदीच्या दारासाठी, ९ इंची भिंत, बाहेर ६० सेंमी स्लॅब, बाजूच्या भिंती आणि बांध मिळून क्षेत्रफळ सुमारे दीड चौरस मीटर भरते. म्हणजे सामान थोडेच लागते. खर्चाचा मोठा वाटा फोडकामाचा आणि मजुरीचा असतो, त्यामुळे लेप हलक्या प्रतीचा घेऊन काही वाचत नाही.

पृष्ठभाग आधी पाण्याने भिजवावा, मात्र लेप लावताना त्यावर साचलेले पाणी नसावे. स्पर्शाला ओलसर, डोळ्यांना मंद, चमक नसलेला, अशी अवस्था हवी. काम सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर करावे. पहिला हात वाट्यांवर आणि कोपऱ्यांत द्यावा, तो ओला असतानाच त्यावर १० ते १५ सेंमी रुंदीची फायबरची जाळी दाबून बसवावी आणि वरून पुन्हा लेप फिरवावा. कोपऱ्यांसाठी जाळीचे छोटे तुकडे कापून ते एकावर एक चढवावेत. येथे कौलांचा नियम पाळावा: वरच्या तुकड्याची कड खालच्या तुकड्यावर आली पाहिजे, खाली दबता कामा नये. मग संपूर्ण भागावर एक हात आडवा, आणि तो वाळल्यावर दुसरा हात उभा द्यावा. दिशा बदलल्याने ब्रशच्या केसांनी सोडलेल्या बारीक रेषा झाकल्या जातात.

लेप कुठवर जातो हे स्वतः पाहावे. स्लॅबवर तो उघड्या केलेल्या भागाच्या टोकापर्यंत आणि जुन्या कोब्याच्या कापलेल्या कडेवरही चढला पाहिजे. भिंतीवर ३० सेंमी. चौकटीच्या मागे, भिंतीच्या जाडीत, १५ सेंमी. आणि बांधावर पुढून चढून, माथ्यावरून आतल्या बाजूला किंचित उतरलेला. चौकटीच्या कापलेल्या पायाखालून तो तुटलेला नाही ना, हे मोबाइलचा दिवा लावून पाहावे.

अ‍ॅल्युमिनियमचे सरकते दार नव्याने बसवायचे असेल, तर लेपाच्या जोडीला स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याचे खरोखरचे सूप वाकवून घेणे योग्य होय. मागची आणि दोन्ही बाजूंची कड ४ ते ५ सेंमी वर, पुढची कड खाली दुमडलेली, आणि कोपरे कापून न सोडता वेल्डिंगने बंद केलेले. दाराचा खालचा ट्रॅक या पत्र्यात ठेवायचा आणि तळातून स्क्रू मारायचा नाही. स्क्रू मागच्या उभ्या कडेच्या वरच्या भागातून किंवा बाजूंनी घ्यावेत. पत्रा कारागिराला काढून दाखवताना कागदाचे छोटे सूप करून दाखवावे, शब्दांनी समजावण्यापेक्षा ते सोपे पडते.

पाणी साठवून चाचणी

डब्यावर सांगितलेला काळ, साधारण ४ ते ७ दिवस, लेप सुकू द्यावा. मग मोकळ्या केलेल्या भागाभोवती चिकणमातीचा किंवा मालाचा तात्पुरता बांध घालून ४ ते ५ सेंमी पाणी भरावे. ५ सेंमी पाण्याचा भार दर चौरस मीटरला ५० किलो होतो, म्हणून उत्साहाच्या भरात फूटभर पाणी भरू नये. पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलने खुणवावी आणि शेजारीच उन्हात पाण्याने भरलेली एक उघडी बादली ठेवून तिच्यातही खूण करावी. उन्हाने बादलीतले पाणी जितके उतरेल तितके इकडचेही उतरणारच. त्याहून लक्षणीय अधिक उतरले तरच गळती समजावी. ४८ तास थांबावे, आतल्या बाजूला पुन्हा रांगोळी टाकावी, आणि खालच्या घरातील छत सकाळ-संध्याकाळ पाहावे.

चाचणी सफल झाल्याशिवाय फरशी बसवू देऊ नये. ठेकेदार घाई करतो, त्याची माणसे दुसऱ्या कामावर जायची असतात, त्यामुळे चाचणीचे दोन दिवस आणि त्यानंतरच उरलेले पैसे, असे सुरुवातीलाच ठरवून लिहून घ्यावे.

कोबा, फरशी आणि दगड

चाचणी सफल झाली की लेपावर लगेच १:४ मालाचा दोन-अडीच सेंमीचा संरक्षक थर द्यावा, नाहीतर पुढच्या कामात पडलेले एखादे घमेलेच त्याला भोक पाडते. त्यावर कोबा आणि फरशी दारापासून दूर उतरत जाईल अशा ढाळात घ्यावी. ढाळ १०० ला १, आणि जागा असेल तर ८० ला १ ठेवावा. म्हणजे ३ मीटरच्या अंतरात पाणी ३ ते पावणेचार सेंमी उतरते. फरशी बसल्यावर तिच्यावर तांब्याभर पाणी ओतून ते कुठे जाते ते पाहावे. दारासमोर डबके राहत असेल तर माल ओला आहे तोवरच ती फरशी उचलून पुन्हा बसवावी.

उंबरठ्याचा दगड एकसंध असावा. दोन तुकडे जोडले तर सांधा बरोबर पायाखाली येतो. त्यालाही बाहेरच्या बाजूस उतार हवा. बाहेरची कड भिंतीच्या तयार पृष्ठभागापेक्षा ३ ते ४ सेंमी पुढे काढावी आणि तिच्या पोटात, कडेपासून दीड सेंमी आत, कटरने ६ ते ८ मिमी रुंदीची खाच पूर्ण लांबीभर मारून घ्यावी. पाणी दगडाच्या पोटाला चिकटून मागे सरकत येते आणि खाचेपाशी त्याचा थेंब सुटून पागोळीसारखा खाली पडतो. ही खाच दगड बसवण्यापूर्वीच मारावी लागते, आणि नेमकी तीच विसरली जाते. दगड पॉलिमरच्या मालात बसवताना सुपाच्या तोंडाशी, म्हणजे दगडाखाली बाहेरच्या बाजूस, दोन-तीन ठिकाणी बोटभर जागा मालाशिवाय सोडावी, म्हणजे आत झिरपलेल्या पाण्याला निघायला वाट राहते.

सांधे आणि सरकत्या दाराची भोके

सीलंटची पाळी आता येते, आणि तीही ठरावीक जागीच: दगड व चौकट यांच्यामध्ये आणि चौकट व बाहेरच्या गिलाव्यामध्ये. येथे पॉलियुरेथेनचे किंवा तटस्थ प्रकारचे सिलिकॉन सीलंट घ्यावे. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते स्वस्त सिलिकॉन काचेसाठी ठीक असते, पण सिमेंट आणि संगमरवर यांच्याशी त्याचे जमत नाही. सिलिकॉनवर रंग बसत नाही, हेही आधी लक्षात घ्यावे. सांधा १० ते १२ मिमी रुंद ठेवून त्यात आधी फोमची गोल दोरी दाबावी आणि तिच्यावर रुंदीच्या निम्म्या खोलीइतके सीलंट भरावे. दोरीमुळे सीलंट तळाला न चिकटता केवळ दोन्ही बाजूंना चिकटते, म्हणून उन्हाळ्या-हिवाळ्यात सांधा उघडला-मिटला तरी ते ताणले जाते, फाटत नाही. भर जुलैत ओल्या फटीत भरलेले सीलंट पंधरा दिवसांत सोलून हातात येते. पावसात अडले असेल तर दाराच्या वरून ताडपत्री बांधणे आणि पाणी दारापासून दूर वळवण्यासाठी वाळूच्या पिशव्या लावणे, इतकेच करावे.

सरकत्या दाराच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने लहान आडवी भोके असतात. झडीचे पाणी ट्रॅकमध्ये पडणारच, ते बाहेर जाण्यासाठी ती भोके ठेवलेली असतात. गळतीच्या तक्रारीनंतर आलेल्या कारागिराने याच भोकांत सिलिकॉन भरलेले मी अनेकदा पाहिले आहे. मग ट्रॅक भरतो आणि पाणी आतल्या बाजूने सांडते. फरशीवाल्यानेही दगड किंवा गिलावा त्यांच्यावर चढवता कामा नये. काम संपल्यावर ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडते की नाही, हे पाहावे.

वरच्या छज्जाच्या पोटात खाच नसेल तर ती कटरने मारता येते, किंवा कडेला अ‍ॅल्युमिनियमची छोटी कोनपट्टी सीलंटने चिकटवता येते. छज्जा मुळातच नसेल तर दाराच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे फूटभर अधिक लांब असा पत्र्याचा किंवा पॉलिकार्बोनेटचा आडोसा बसवावा आणि तो भिंतीला जिथे टेकतो ती वरची रेषा सीलंटने बंद करावी.

दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात गच्चीची जाळी काढून पाइपमध्ये पाणी सोडून पाहावे, ट्रॅकची भोके झाडूच्या काडीने मोकळी करावीत, सीलंट कुठे सुटले असेल तर जुने पूर्ण काढून मगच नवे भरावे, आणि दाराजवळच्या कुंड्या उचलून दुसऱ्या टोकाला न्याव्यात. कुंडीखालची जागा कधी वाळत नाही, आणि तिच्यातली माती वाहत येऊन उंबरठ्याखाली सोडलेली बोटभर वाट सर्वांत आधी बुजवते.